आभासी दर्शनयंत्राची किंमत व साठवण : शाळेने करावयाचा हिशेब

हर्णे बंदराच्या पुळणीवर उभे राहिले म्हणजे समोर भर पाण्यात सुवर्णदुर्ग दिसतो. किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेदुर्ग आणि गोवा हे त्याचे तीन सोबती उभे आहेत. १७५५ च्या एप्रिल महिन्यात पेशवे व इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत कमोडोर जेम्स याने हा जलदुर्ग तुळाजी आंग्रे यांच्याकडून घेतला. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या ज्या १२ किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत सुवर्णदुर्गाचे नाव आहे. असे असूनही या परिसरातील एखाद्या वर्गात जाऊन "तटाच्या आत पाऊल कोणी टाकले आहे?" असे विचारावे, तर थोडेच हात वर होतात. पावसाळ्यात होडी जात नाही. हिवाळ्यात जाते, तर होडीचे भाडे, भरती-ओहोटीची वेळ आणि लहान मुलांची जबाबदारी हे तीन प्रश्न शिक्षकापुढे उभे राहतात. पायाने अधू असलेल्या मुलास होडीत चढणे-उतरणे कठीण. हर्ण्याच्या मुलास किल्ला निदान रोज दिसतो. खेड किंवा मंडणगडच्या डोंगरातील वाडीवरच्या मुलाच्या वाट्याला तेवढेही नाही.

अशा अडचणीवर उपाय म्हणून आभासी वास्तवाचे दर्शनयंत्र, म्हणजे ज्यास बाजारात 'व्हीआर हेडसेट' म्हणतात ते, शाळेत आणावे असा विचार आता खेड्यापाड्यांतही बोलला जातो. गावची मुंबईस्थित मंडळी दिवाळीला किंवा शिमग्याला घरी येतात आणि विचारतात, "गुरुजी, शाळेसाठी कोणते यंत्र पाठवू? १२८ चे की २५६ चे?" प्रश्न आपुलकीचा असतो, पण उत्तर देताना शिक्षक अडखळतो. हे आकडे कशाचे, त्यांच्यापायी किंमत इतकी का वाढते, आणि शाळेस त्यांपैकी कितीची गरज आहे, याची फोड करून सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. यंत्राचे स्वरूप

आपले दोन डोळे एकमेकांपासून सुमारे सहा सेंटिमीटर अंतरावर आहेत. त्यामुळे एकच वस्तू प्रत्येक डोळ्यास किंचित निराळी दिसते, आणि या दोन प्रतिमांच्या मिलाफातून मेंदूस खोलीचे ज्ञान होते. चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ मध्ये दोन सपाट चित्रांतून हाच परिणाम साधून दाखविला. दृश्य साधनांचे हे वेड आपल्याकडेही जुनेच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणच्या पटवर्धनांनी 'शांबरिक खरोलिका' या नावाने काचेवरील रंगीत चित्रे पडद्यावर हलती करून दाखविली होती. आजच्या दर्शनयंत्रात तत्त्व व्हीटस्टनचेच आहे. भर पडली आहे ती एका गोष्टीची : मान वळविली की चित्रही त्याबरोबर वळते. त्यामुळे पाहणाऱ्यास आपण चित्राबाहेर नसून चित्राच्या मध्यभागी उभे आहोत असे वाटते.

ही यंत्रे मुख्यतः दोन जातींची. पहिल्या जातीत नुसती चौकट व भिंगे असतात. चित्र दाखविण्याचे काम आत बसविलेला मोबाइल फोन करतो. २०१४ मध्ये गूगल कंपनीने पुठ्ठ्याचे असे साधन पुढे आणले. आपल्या देशात २०२३ मध्ये 'जिओडाइव्ह' हे अशाच जातीचे साधन १,२९९ रुपयांस विक्रीस आले. दुसऱ्या जातीत पडदा, भिंगे, विद्युत्घट, संगणकीय भाग आणि साठवण ही सर्व एकाच पेटीत असतात. मेटा कंपनीची 'क्वेस्ट' मालिका या जातीची होय. पुढील विवेचन प्रामुख्याने या दुसऱ्या जातीविषयी आहे; कारण पहिल्या जातीत साठवणीचा प्रश्न फोनपुरताच राहतो.

२. किमतीतील पायऱ्या

एकाच यंत्राच्या दोन किंवा तीन किमती असतात. भिंगे तीच, पडदा तोच, वेगही तोच. फरक केवळ आतील साठवणीचा. गेल्या काही वर्षांत बाजारात येताना जाहीर झालेल्या किमती, अमेरिकन डॉलरमध्ये व पूर्णांकात, पुढे दिल्या आहेत :

ऑक्युलस गो (२०१८) : ३२ गिगाबाइट, १९९ डॉलर, ६४ गिगाबाइट, २४९ डॉलर.
ऑक्युलस क्वेस्ट (२०१९) : ६४ गिगाबाइट, ३९९ डॉलर, १२८ गिगाबाइट, ४९९ डॉलर.
क्वेस्ट २ (२०२०) : ६४ गिगाबाइट, २९९ डॉलर, २५६ गिगाबाइट, ३९९ डॉलर.
क्वेस्ट ३ (२०२३) : १२८ गिगाबाइट, ५०० डॉलर, ५१२ गिगाबाइट, ६५० डॉलर.
क्वेस्ट ३ एस (२०२४) : १२८ गिगाबाइट, ३०० डॉलर, २५६ गिगाबाइट, ४०० डॉलर.

ॲपल कंपनीचे 'व्हिजन प्रो' २०२४ मध्ये ३,४९९ डॉलरपासून निघाले. ते शाळेच्या आवाक्याबाहेरचे असल्याने येथे नुसता उल्लेख पुरे.

या किमती कायमच्या नव्हेत. उदाहरणार्थ, क्वेस्ट २ ची किंमत ऑगस्ट २०२२ मध्ये १०० डॉलरने वाढविण्यात आली आणि पुढच्या वर्षी पुन्हा उतरविण्यात आली. म्हणून खरेदीच्या दिवशीचा भाव त्या दिवशीच पाहावा. परंतु वरील तक्त्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. साठवण वाढविण्यासाठी मोजावी लागणारी जादा रक्कम प्रत्येक यंत्रात निराळी पडते. क्वेस्ट ३ मध्ये १५० डॉलर जास्त दिले की ३८४ गिगाबाइट जास्त मिळत. म्हणजे दर गिगाबाइटला सुमारे ३९ सेंट. क्वेस्ट ३ एस मध्ये १०० डॉलरला १२८ गिगाबाइटच वाढतात. दर पडतो सुमारे ७८ सेंट, म्हणजे बरोबर दुप्पट. स्वस्त यंत्रातील जादा साठवण महाग पडते, हे ध्यानात ठेवावे.

हेच गणित रुपयांत मांडू. क्वेस्ट ३ एस बाजारात आले त्या ऑक्टोबर २०२४ मध्ये एक डॉलर सुमारे ८४ रुपयांस होता. त्या हिशेबाने १२८ गिगाबाइटचे यंत्र २५,२०० रुपयांचे व २५६ चे ३३,६०० रुपयांचे झाले. यात आयात-शुल्क, कर, वाहतूक व व्यापाऱ्याचा नफा धरलेला नाही. आता दुसऱ्या बाजूस शाळेचे उत्पन्न पाहावे. समग्र शिक्षा योजनेच्या संयुक्त शाळा अनुदानात ३० पर्यंत पट असलेल्या शाळेस वर्षाकाठी १०,००० रुपये आणि ३१ ते १०० पटाच्या शाळेस २५,००० रुपये धरलेले आहेत. त्यातूनच वीजबिल, दुरुस्ती, स्वच्छता व इतर किरकोळ खर्च भागवावयाचा. तेव्हा दोन यंत्रांतील नुसता ८,४०० रुपयांचा फरक म्हणजे लहान शाळेचे जवळजवळ वर्षाचे अनुदान होय. देणगीदाराच्या खिशातून पैसे गेले तरी ते गावाचेच असतात. म्हणून '२५६ चे घ्या, मोठे ते बरे' असे सहज म्हणून टाकणे योग्य नाही.

३. साठवणीचे माप

गिगाबाइट हे माहितीचे माप आहे. एक गिगाबाइट म्हणजे एक हजार मेगाबाइट. पाण्याच्या टाकीचे उदाहरण मुलांनाही पटते : टाकी केवढी हवी हे घरातील माणसांवरून व पाणी किती दिवसांनी येते यावरून ठरते, शेजाऱ्याच्या टाकीवरून नव्हे.

चित्रफितीस किती जागा लागेल हे काढण्याची रीत सोपी आहे. चित्रफितीचा वेग 'दर सेकंदास इतके मेगाबिट' असा दिलेला असतो. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून वेगास सेकंदांनी गुणावे व ८ ने भागावे. चोहीकडे पाहता येईल अशी चांगल्या दर्जाची चित्रफीत दर सेकंदास ५० मेगाबिट वेगाची आहे असे समजू. दहा मिनिटे म्हणजे ६०० सेकंद. ५० गुणिले ६०० म्हणजे ३०,००० मेगाबिट. भागिले ८ म्हणजे ३,७५० मेगाबाइट. अर्थात पावणेचार गिगाबाइट. सहावी-सातवीच्या वर्गास हे उदाहरण फळ्यावर घालून द्यावे. गणिताचा तास वाया जाणार नाही.

स्थिर चित्रास मात्र फारच थोडी जागा पुरते. सर्व बाजूंनी पाहता येणारे एक छायाचित्र २० मेगाबाइटचे धरले तरी अशी २०० चित्रे ४ गिगाबाइटमध्ये मावतात. आणि प्राथमिक शाळेतील पाठास स्थिर चित्र पुष्कळदा अधिक उपयोगी पडते. सुवर्णदुर्गाच्या दारातील कासवाचे शिल्प, भिंतीवरील मारुती, तटाची जाडी, आतील पाण्याची सोय, ही पाहावयाची तर चित्र थांबलेलेच हवे. शिक्षकाने प्रश्न विचारावा, मुलाने मान वळवून शोधावे, पुन्हा पाहावे. धावत्या चित्रफितीत ही सवड मिळत नाही.

आता एका सत्राची गरज मोजू. दहा मिनिटांच्या १० चित्रफिती धरल्या तर साडेसदतीस गिगाबाइट. २०० स्थिर चित्रे, ४ गिगाबाइट. शैक्षणिक उपयोजने, म्हणजे ॲप, यांसाठी २० गिगाबाइट. एकूण साडेएकसष्ट. यंत्राची स्वतःची प्रणालीही काही जागा घेते. म्हणून १२८ पैकी १०० गिगाबाइटच आपल्या हाती आहेत असे धरून चालावे. तरीही पुष्कळ जागा शिल्लक उरते. मोठी साठवण लागते ती मुख्यतः खेळांसाठी. शाळेस ते खेळ ठेवावयाचे नाहीत. निष्कर्ष असा की, दोन्हींपैकी लहान साठवणीचे यंत्र शाळेच्या कामास पुरेसे आहे.

४. बाकीचे कोठे ठेवावे

"पण चित्रफिती वाढत गेल्या तर?" अशी शंका येईल. क्वेस्ट मालिकेच्या यंत्रांत मोबाइलप्रमाणे वेगळे मेमरी कार्ड घालण्याची खाच नाही. एचटीसी कंपनीच्या 'व्हाइव्ह फोकस ३' सारख्या काही यंत्रांत ती असते. परंतु ती यंत्रे व्यवसायासाठी असून महाग आहेत. म्हणून विकत घेताना जी साठवण घेतली तीच यंत्रात शेवटपर्यंत राहते. यावर मार्ग आहे तो असा : सर्व संग्रह शाळेच्या संगणकावर किंवा बाह्य हार्ड डिस्कवर ठेवावा आणि त्या सत्रास लागेल तेवढाच भाग तारेने यंत्रात उतरवून घ्यावा. सत्र संपले की तो पुसून पुढचा भरावा. यंत्रातील जादा साठवण वरील हिशेबाने दर गिगाबाइटला सुमारे ६५ रुपयांस पडते. हार्ड डिस्कवरील जागा याच्या मानाने अगदी अल्प दरात मिळते. शिवाय यंत्र बिघडले तरी डिस्कवरील संग्रह शाबूत राहतो.

तिसरा मार्ग म्हणजे काहीच न साठविता इंटरनेटवरून थेट पाहणे. शहरात तो सोयीचा आहे. आपल्या किनारपट्टीवर मात्र पावसाळ्यात वीज व रेंज यांचा भरवसा धरता येत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगड भागात कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती, हे आपण अनुभविले आहे. रोजचीच गोष्ट घ्यावयाची तर, दर सेकंदास १० मेगाबिट एवढाच वेग मिळत असेल, तर वर सांगितलेली पावणेचार गिगाबाइटची चित्रफीत उतरविण्यास ५० मिनिटे लागतील. ती वर्गात थेट पाहणे तर शक्यच नाही. तालुक्याच्या गावी चांगली सोय असेल तेथे एकदाच उतरवून, डिस्कवर भरून आणावी, हे उत्तम.

येथे एका गोष्टीचा इशारा देणे अगत्याचे वाटते. गूगल कंपनीने 'एक्स्पिडिशन्स' नावाची शाळांसाठीची आभासी सहलींची सोय चालविली होती. जगभर शिक्षकांनी ती वापरली. जून २०२१ मध्ये ती बंद झाली. पुठ्ठ्याच्या साधनाची विक्रीही त्याच वर्षी कंपनीने थांबविली. वर उल्लेखिलेल्या ऑक्युलस गो या यंत्राची विक्रीही २०२० मध्येच संपली. दूरच्या कंपनीच्या भांडारात ठेवलेले धान्य आपले नव्हे. जे चित्र, जी चित्रफीत साध्या व सर्वमान्य स्वरूपात आपल्या डिस्कवर आहे, तेवढेच शाळेच्या मालकीचे. यंत्र तीन-चार वर्षांत जुने होईल. संग्रह नीट राखला तर पुढच्या यंत्रावरही चालेल.

५. पट, वेळ आणि वय

समजा वर्गात ३० मुले आहेत व यंत्र एकच आहे. प्रत्येकास ५ मिनिटे पाहावयास दिली आणि बांधणे, पुसणे, बसविणे यांस २ मिनिटे धरली, तर २१० मिनिटे, म्हणजे साडेतीन तास लागतील. क्वेस्ट ३ एस चा विद्युत्घट कंपनीच्या सांगण्याप्रमाणे सरासरी अडीच तास चालतो. म्हणजे एका भरतीत सर्व वर्ग पुरा होणार नाही. यावरून, गटागटाने काम करणे हाच मार्ग होय : एक गट यंत्रापाशी, दुसरा किल्ल्याचा नकाशा काढण्यात, तिसरा वाचनात.

वयाचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. मेटा कंपनीने आपल्या यंत्रांसाठी किमान वय १० वर्षे ठेवले असून, १० ते १२ वर्षांच्या मुलांचे खाते पालकाच्या देखरेखीखालीच चालावे असा दंडक घातला आहे. पहिली ते चौथीची बहुतेक मुले या मर्यादेच्या आत येत नाहीत. म्हणून हे यंत्र पाचवीपासून पुढेच वापरावे आणि लहान वर्गांना तीच चित्रे साध्या दूरदर्शन संचावर किंवा टॅबवर फिरवून दाखवावी. केवळ पहिली ते चौथीपर्यंतच्या शाळेने यंत्र घेऊ नये, हे स्पष्ट शब्दांत सांगणे प्राप्त आहे. तसेच २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्याने मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरविली आहे. ती आधी लेखी घ्यावी व मुलांच्या नावाने खाती उघडू नयेत. यंत्राचे वजन सुमारे अर्धा किलो असते. मूल बसलेलेच असावे. घेरी, मळमळ किंवा डोकेदुखी जाणवताच यंत्र उतरवावे, आणि फेफरे येणाऱ्या मुलास ते वैद्यकीय सल्ल्यावाचून देऊ नये.

६. यंत्राची जागा

साठवण हा शब्द आपण आतापर्यंत माहितीपुरता वापरला. आता यंत्रच कोठे साठवावे तेही पाहू. कारण हर्ण्यासारख्या ठिकाणी खारा वारा व दमटपणा ही यंत्राची मोठी वैरी आहेत.

(अ) भिंगांवर ऊन पडू देऊ नये. भिंगातून एकवटलेले ऊन आतील पडदा क्षणात जाळते. खिडकीजवळच्या टेबलावर यंत्र उघडे ठेवणे हीच सर्वांत सामान्य चूक होय.

(आ) झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावे. पावसाळ्यात दर आठवड्यास उघडून पाहावे. भिंगावर बुरशी धरली की ती सहसा पुरती निघत नाही.

(इ) भिंगे कोरड्या, मऊ, स्वच्छ फडक्यानेच पुसावी. सदऱ्याच्या टोकाने पुसू नयेत; बारीक वाळूने ओरखडे पडतात.

(ई) उन्हाळ्याच्या सुटीत विद्युत्घट पूर्ण भरलेला किंवा पूर्ण रिकामा ठेवू नये; निम्मा भरून, यंत्र बंद करून, थंड जागी ठेवावे.

(उ) चेहऱ्यास लागणारा भाग प्रत्येक मुलानंतर पुसावा. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यात डोळे येण्याची साथ पसरली होती. अशा दिवसांत यंत्र कुलपातच राहू द्यावे.

(ऊ) यंत्र व डिस्क यांची नोंद जडवस्तू नोंदवहीत स्वतंत्र घ्यावी, परवलीचा शब्द मुख्याध्यापकांपाशी बंद लिफाफ्यात ठेवावा. बदली झालेल्या शिक्षकाबरोबर परवलीचा शब्दही गेला, तर मागे राहते ती नुसती पेटी.

७. तात्पर्य

तेव्हा "१२८ की २५६?" या प्रश्नास उत्तर असे द्यावे : लहान साठवणीचे घ्या, वाचलेल्या रकमेतून हार्ड डिस्क, घट्ट डबा व भिंगांची फडकी घ्या, आणि उरले तर एक होडी ठरवा. शाळा लहान असेल तर एकट्याने घेऊच नये. केंद्रातील शाळांनी मिळून एक यंत्र घ्यावे, केंद्रप्रमुखांच्या संमतीने महिनावार पाळी लावावी, आणि शाळा व्यवस्थापन समितीपुढे वरील हिशेब मांडूनच ठराव करावा.

शेवटी, यंत्र कशासाठी हे विसरू नये. जे पाहता येत नाही ते दाखविण्यासाठी ते आहे. मंडणगडच्या वाडीवरील मुलास सुवर्णदुर्ग, आणि हर्ण्याच्या मुलास हिमालय किंवा मंगळाची भूमी दाखवावी. किल्ल्यावरील चित्रे शाळेने स्वतः घ्यावयाची झाल्यास तो केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे हे लक्षात घेऊन तेथील नियम आधी विचारावे. परंतु ज्या मुलास होडीतून नेणे शक्य आहे, त्यास नेलेच पाहिजे. खाऱ्या पाण्याचे तुषार अंगावर येतात, होडी हेलकावते, आणि तटाच्या सावलीत शिरताच गारवा जाणवतो. हे कितीही गिगाबाइटमध्ये साठवून ठेवता येत नाही.